सर्व्हर पडला तर आपोआप उठला पाहिजे आणि आपल्याला कळलंही पाहिजे : छोट्या ऑफिससाठी पूर्ण सेटअप

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या सगळ्या पट्ट्यात आता प्रत्येक पतसंस्थेत, उद्यमबागेतल्या फौंड्रीत, हॉस्पिटलात, साखर कारखान्याच्या काटा ऑफिसात एक तरी सर्व्हर बसलेला असतो आणि तो बघायला चोवीस तास माणूस मात्र कुठंच नसतो. बहुतेक ठिकाणी आपल्यासारखा एखादा माणूस चार-पाच ऑफिसं एकटाच सांभाळतो. त्यामुळं रात्री प्रोसेस मेली तर ती आपोआप उठावी ही गरज सगळ्यांचीच आहे, आणि ते सोपं पण आहे, एक ओळ टाकली की झालं. घोळ पुढं होतो. आपोआप उठणारी प्रोसेस दिवसातनं चाळीस वेळा मरून उठत असते, कॅशियर म्हणतो "सिस्टीम जरा अडकतीय की", आणि आपण म्हणतो लाइन स्लो असेल. म्हणून रीस्टार्ट आणि अलर्ट एकाच दिवशी, जोडीनं बसवा. नुसता रीस्टार्ट बसवला तर आजार झाकला जातो, बाकी काही नाही.

उदाहरणाला असं धरू : एक पतसंस्था, हेड ऑफिस टिळकवाडीत, शाखा खानापूर, निपाणी आणि अथणीला. हेड ऑफिसात एक उबंटूचं मशीन, त्यावर पोस्टग्रेस डेटाबेस, जावात लिहिलेलं बँकिंग अॅप, पुढं एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या अॅपकडं पोचवणारा वेब सर्व्हर), आणि शेजारी टॅलीसाठी एक विंडोज मशीन. सेटिंगची नावं मी खाली उच्चाराप्रमाणे लिहितोय, फाइलमधे अर्थातच इंग्रजी स्पेलिंग आणि इंग्रजी आकडेच टाकायचे.

आधी कागदावर यादी

कुठल्या प्रोसेस चालल्याच पाहिजेत, कुठली कुठल्या पोर्टवर ऐकते, कुठली कुणावर अवलंबून आहे, आणि मेली तर कुणाचं काम अडतं, एवढं एका कागदावर लिहा. कंटाळवाणं आहे पण याच्यातनंच पुढं ठरतं की रात्री दोनला फोन कशासाठी वाजवायचा आणि सकाळी बघितलं तरी चालेल असं काय. डेटाबेस पडला तर सगळ्या शाखा बंद, तो रात्री. बॅकअप फेल झाला तर सकाळी नऊला कळलं तरी पुरे, पण कळलंच पाहिजे. प्रिंटर सर्व्हिसचा अलर्ट कृपा करून लावूच नका.

सिस्टमडीतला रीस्टार्ट

वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, सिस्टमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्रॅम) उबंटूत आहेच, फक्त त्यात रीस्टार्टचं डिफॉल्ट 'नो' असतं. म्हणजे पॅकेजवाल्यानं किंवा अॅपवाल्यानं युनिट फाइलमधे (सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमधे) काही लिहिलं नसेल तर मेलेली प्रोसेस मेलेलीच राहते. मूळ युनिट फाइलला हात लावू नका, पुढच्या अपडेटमधे ती पुसली जाते. 'सिस्टमसीटीएल एडिट' आणि पुढं सर्व्हिसचं नाव द्या, मग ओव्हरराइडची छोटी फाइल उघडते, तिच्यात हे टाका :

[युनिट]
स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=३००
स्टार्टलिमिटबर्स्ट=५
ऑनफेल्युअर=अलर्ट@%एन.सर्व्हिस

[सर्व्हिस]
रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर
रीस्टार्टसेक=१०

'ऑन-फेल्युअर' म्हणजे प्रोसेस एरर कोड देऊन बाहेर पडली, क्रॅश झाली, कुणी किल-नाइन (जबरदस्तीनं मारायचा सिग्नल, सिगकिल) मारला किंवा टाइमआउट झाला तर उठवायची, पण स्वतःहून नीट शून्य कोड देऊन थांबली तर नाही. 'ऑलवेज' ठेवलं तर नीट थांबलेलीही परत उठते. काही जावा अॅप्स आतून फुटतात पण बाहेर शून्य कोडच देतात, अशांना ऑलवेज लावा, बाकीच्यांना ऑन-फेल्युअर पुरतं. आणि ऑलवेज असलं तरी आपण स्वतः 'सिस्टमसीटीएल स्टॉप' दिलं तर सर्व्हिस थांबते आणि थांबलेलीच राहते, तेवढं घाबरायचं कारण नाही.

आता लिमिटचं गणित नीट बघा, कारण इंटरनेटवरून कॉपी केलेल्या निम्म्या सेटिंगमधे हेच चुकलेलं असतं. सिस्टमडीचं डिफॉल्ट असं आहे की १० सेकंदांत ५ पेक्षा जास्त वेळा सुरू करायची वेळ आली तर तो हात टेकतो आणि सर्व्हिसला फेल्ड म्हणतो. रीस्टार्टसेकचं डिफॉल्ट फक्त १०० मिलिसेकंद. म्हणजे काहीच बदललं नाही तर डेटाबेस अजून उठतोय तोवर अॅप पाच वेळा आपटून एक-दोन सेकंदांत कायमचं पडतं. मग कोणीतरी रीस्टार्टसेक ५ करतो आणि लिमिट तसंच ठेवतो. आता १० सेकंदांत जास्तीत जास्त दोन-तीनदाच सुरू होणार, लिमिट कधीच लागणार नाही, आणि बिघडलेलं अॅप रात्रभर मरत-उठत राहणार. फ्यूज सारखा उडतोय म्हणून जाड तार घालून ठेवायची, त्यातलाच प्रकार. वरच्या आकड्यांत पाच मिनिटांची खिडकी आहे आणि दहा सेकंदांची विश्रांती, त्यामुळं उठल्याउठल्या मरणारं अॅप मिनिटभरात फेल्ड होतं आणि अलर्ट निघतो. तुमचं जावा अॅप उठून मरायला चाळीस सेकंद घेत असेल तर पाच वेळा मिळून चार मिनिटांवर जातं, तेव्हा खिडकी मोठी करा, ६०० ठेवा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट. 'ऑनफेल्युअर' ही ओळ प्रत्येक मरणाला चालत नाही. रीस्टार्ट लावलेली सर्व्हिस लिमिट संपल्यावरच फेल्ड अवस्थेत जाते आणि तेव्हाच ऑनफेल्युअर चालतं. म्हणजे दर अर्ध्या तासानं मरणारी आणि लगेच उठणारी प्रोसेस या वाटेनं तुम्हाला कधीच कळणार नाही. त्यासाठी सिस्टमडी स्वतः एक मोजणी ठेवतो, 'सिस्टमसीटीएल शो' ला 'एनरीस्टार्ट्स' ही प्रॉपर्टी विचारली की आपोआप किती वेळा उठवलं तो आकडा मिळतो. दहा मिनिटांनी चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहा, मागचा आकडा फाइलमधे ठेवा, वाढला असेल तर मेसेज टाका. हाताने स्टॉप करून स्टार्ट केलं किंवा मशीन रीबूट झालं की हा आकडा शून्यावर येतो, तेव्हा आकडा कमी दिसला म्हणून स्क्रिप्ट गोंधळू देऊ नका. माझ्या मते सगळ्या सेटअपमधली सगळ्यात कामाची दहा ओळींची स्क्रिप्ट हीच.

अलर्ट पाठवायचं युनिट वेगळं बनवा, नावात अॅट चिन्ह असलेलं टेम्प्लेट, टाइप वनशॉट (एकदा चालून संपणारं), आत एक स्क्रिप्ट जी कुठली सर्व्हिस पडली ते नाव घेते, 'जर्नलसीटीएल' (सिस्टमडीचा लॉग) मधल्या त्या सर्व्हिसच्या शेवटच्या वीस ओळी काढते आणि टेलिग्रामला पाठवते. या अलर्ट युनिटला परत ऑनफेल्युअर लावू नका, स्वतःलाच बोलवत बसेल.

फेल्ड झालेली सर्व्हिस दुरुस्त करून परत सुरू करताना कधीकधी "स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली" असं येतं. तेव्हा आधी 'सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड' द्या, मग स्टार्ट.

डॉकरवाल्यांसाठी, म्हणजे अॅप कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणाऱ्यांसाठी, दोनच गोष्टी. रीस्टार्ट पॉलिसी 'अनलेस-स्टॉप्ड' ठेवा किंवा 'ऑन-फेल्युअर' ला मर्यादेचा आकडा द्या. आणि हेल्थचेक लावला म्हणजे आजारी कंटेनर आपोआप उठेल असं समजू नका, साध्या डॉकरमधे तो नुसता 'अनहेल्दी' असा शिक्का मारतो, रीस्टार्ट करत नाही.

जिवंत आहे पण काम करत नाही

प्रोसेस मरणं त्यातल्या त्यात बरं, अडकणं वाईट. सिस्टमडीला प्रोसेस दिसते, हिरवा ठिपका, आणि काउंटरवर लोक उभे. अॅप लिहिणारा तुमच्या ओळखीचा असेल तर 'वॉचडॉगसेक' वापरा, त्यात अॅपनं ठरावीक वेळात 'मी आहे' असा निरोप सिस्टमडीला द्यायचा असतो, नाही दिला तर सिस्टमडी मारून उठवतो. पण विकत घेतलेल्या अॅपमधे हे बहुतेक नसतंच. मग मोनिट हा पहारा ठेवणारा छोटा प्रोग्रॅम बसवा, त्यात सांगता येतं की ८०८० पोर्टवर एचटीटीपीनं विचार, सलग तीन फेऱ्या उत्तर नाही आलं तर रीस्टार्ट कर, आणि वीस फेऱ्यांत तीनदा रीस्टार्ट करावं लागलं तर हात काढून घे. फेरी तीस सेकंदांची ठेवली तर दीड मिनिटात निर्णय होतो.

इथं एक फरक कराच. अॅपकडं दोन पत्ते पाहिजेत तपासायला. एक नुसता 'मी चालू आहे' सांगणारा, दुसरा डेटाबेसला एक छोटी क्वेरी मारून 'सगळं ठीक' सांगणारा. रीस्टार्ट पहिल्यावर बांधा, अलर्ट दुसऱ्यावर. उलटं केलं तर डेटाबेस पाच मिनिटं बंद असताना मोनिट बिचाऱ्या अॅपलाच मारत बसतं, ज्याचा काही दोष नाही, आणि डेटाबेस उठल्यावर अॅप लिमिट संपवून पडलेलं असतं.

आणि उठवण्याआधी पुरावा ठेवा. जावा असेल तर 'जेस्टॅक' नं थ्रेड डंप (अॅपचा कुठला भाग कुठं अडकलाय त्याची नोंद), उघड्या कनेक्शनची यादी, मेमरी किती होती, हे एका फोल्डरमधे तारखेनिशी टाकून मगच रीस्टार्ट. एकदा उठवलं की सगळं पुसलं जातं आणि अॅपवाली कंपनी विचारते "लॉग आहे का सर". कर्नलचा लॉगही बघायची सवय लावा, प्रोसेस रोज ठरावीक वेळी किल-नाइननं मरत असेल तर बऱ्याचदा मेमरी संपून कर्नलच्या ओओएम किलरनं मारलेली असते, तिथं रीस्टार्टचा उपयोग नाही, रॅम नाहीतर जावाची हीप (जावाला दिलेली मेमरी) बघायला पाहिजे.

डेटाबेसला मात्र मोनिटनं 'हळू झालाय' म्हणून मारू देऊ नका. मार्च एंडचे मोठे रिपोर्ट चालू असताना तो हळू असणारच. स्वतःहून क्रॅश झाला तर सिस्टमडी उठवेल, तेवढंच. डिस्क भरली असेल तर कितीही उठवा, उपयोग शून्य, म्हणून डिस्क ८० टक्क्यांवर सकाळचा मेसेज आणि ९० वर फोन. आयनोडपण (डिस्कवर किती फाइल बनू शकतात तो आकडा) मोजा, जागा दिसते पण फाइल बनत नाही असं होतं ते त्याच्यामुळं.

विंडोज मशीनवर सर्व्हिसेसमधे जाऊन त्या सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमधे 'रिकव्हरी' टॅब आहे. पहिल्या आणि दुसऱ्या फेल्युअरला रीस्टार्ट, त्यानंतरच्यांना 'रन अ प्रोग्रॅम' करून तीच अलर्टची स्क्रिप्ट. फेल काउंट एका दिवसानं रीसेट. झालं.

लाइट जाऊन आल्यावर

आपल्याकडं पावसाळ्यात, त्यातही खानापूर, जांबोटीच्या बाजूला, लाइट आणि लाइन दोन्ही कधी जातील सांगता येत नाही, त्यामुळं प्रोसेस मरण्यापेक्षा पूर्ण मशीनच बंद होऊन परत येणं हे जास्त वेळा होतं. बायोसमधे 'पॉवर गेल्यावर काय' अशी सेटिंग असते, ती 'पॉवर ऑन' करा, 'लास्ट स्टेट' नको, कारण यूपीएसनं व्यवस्थित शटडाउन केलेलं असेल तर लास्ट स्टेट म्हणजे बंदच. सर्व्हिस 'एनेबल' आहे का बघा, नुसती स्टार्ट केलेली सर्व्हिस रीबूटनंतर येत नाही. अॅपच्या युनिटमधे 'आफ्टर' च्या ओळीत डेटाबेसचं नाव आणि 'नेटवर्क-ऑनलाइन' टाका, सोबत 'वॉन्ट्स' पण.

यूपीएसला यूएसबी केबल जोडून नट किंवा एपीसीयूपीएसडी (यूपीएसवर नजर ठेवणारे प्रोग्रॅम) बसवा म्हणजे बॅटरी संपत आली की मशीन स्वतः बंद होईल. एक खाचखळगा इथं आहे : मशीन शटडाउन झालं आणि यूपीएस पूर्ण बंद व्हायच्या आत लाइट आली, तर मशीनच्या दृष्टीनं पॉवर कधी गेलीच नाही, मग ते उठतही नाही, बायोसची सेटिंग असून. नटमधे शटडाउनच्या शेवटी यूपीएसलाच आउटपुट तोडायला सांगायची सोय आहे, ती चालू करा आणि तुमचा यूपीएस ती मानतो का तेही बघा, स्वस्तातले सगळे मानत नाहीत.

पहारेकरी बाहेर बसवा

वरचं सगळं त्याच मशीनवर चालतंय. मशीनच गेलं, राउटर लटकला, रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली, तर टेलिग्रामला मेसेज पाठवणार कोण? म्हणून एक मॉनिटर ऑफिसच्या बाहेर पाहिजेच. एक छोटा क्लाउड सर्व्हर घ्या, सगळ्यात लहानवाला पुरतो, त्यावर डॉकरमधे अपटाइम कुमा (तपासणी करून अलर्ट पाठवणारा प्रोग्रॅम) चढवा, ३००१ पोर्टवर उघडतं, तो पोर्ट जगाला उघडा न ठेवता पुढं पासवर्ड आणि एचटीटीपीएस लावा. मोठ्या ठिकाणी झॅबिक्स किंवा नागिओस घ्या, पण चार शाखांना कुमा भरपूर झालं.

आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनला स्टॅटिक (न बदलणारा) आयपी पत्ता नसतो, बाहेरून आत येताच येत नाही. तेव्हा कुमातला 'पुश' प्रकारचा मॉनिटर वापरा. त्यात तो एक पत्ता देतो, आपल्या सर्व्हरनं दर मिनिटाला त्या पत्त्याला हाक मारायची, हाक आली नाही की अलर्ट. हाक मारणारी स्क्रिप्ट अशी लिहा की आधी तो 'सगळं ठीक' वाला पत्ता तपासेल आणि उत्तर नीट आलं तरच हाक मारेल. मग प्रोसेस पडो, डेटाबेस पडो, लाइट जावो, लाइन जावो, सगळ्याला एकच सिग्नल : शांतता. बॅकअपलाही हेच लावा, रात्रीचा बॅकअप नीट संपला तर हाक, २६ तासांत हाक नाही तर मेसेज.

हेड ऑफिसच्या आतून शाखा बघायला एक जुना पीसी किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) पुरतो. नुसत्या पिंगवर विसंबू नका, पिंगला ऑपरेटिंग सिस्टीम उत्तर देते, अॅप नाही. शाखेचा राउटर पिंगनं, सर्व्हरचा पोर्ट टीसीपीनं, आणि लॉगिन पान उघडून त्यात एखादा ठरावीक शब्द आहे का ते एचटीटीपीनं, अशी तीन पातळ्यांची तपासणी ठेवा, म्हणजे कुठं तुटलंय ते मेसेज बघूनच कळतं. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट किती दिवसांत संपतंय तेही कुमा सांगतो.

अथणीचा राउटर गेला तर त्याच्या मागचे पीसी, प्रिंटर, कॅमेरा, सगळ्यांचे अलर्ट एकदम येतात आणि खरा मेसेज त्यात बुडतो. नागिओसमधे 'पेरेंट्स' सांगता येतो, झॅबिक्समधे ट्रिगरला डिपेंडन्सी लावता येते, मग राउटरचा एकच मेसेज येतो. कुमावर असाल तर राउटरच्या मागच्या वस्तूंना नोटिफिकेशनच लावू नका, नुसतं बोर्डवर दिसू द्या.

वेळांचं बोलायचं तर डेटाबेस आणि अॅपला दर मिनिटाला तपासणी, तीन वेळा सलग चुकलं तर अलर्ट. शाखेच्या लाइनला दहा मिनिटं थांबा, नाहीतर जुलैत फोन फेकून द्यावा वाटेल. आणि परत चालू झाल्याचा मेसेज बंद करू नका, अर्ध्या वेळा तोच वाचून परत झोपता येतं.

निरोप कुणाला आणि कसा

टेलिग्राम सगळ्यात सोपं आहे. बॉटफादरला सांगून बॉट बनवा, टोकन घ्या, ग्रुपमधे बॉटला घाला, ग्रुपचा चॅट आयडी कुमात टाका. टोकन म्हणजे किल्ली, स्क्रिप्टमधे उघडं लिहून ती स्क्रिप्ट कुणाला पाठवू नका, वेगळ्या फाइलमधे ठेवा, वाचायची परवानगी फक्त रूटला. एसएमएस पाहिजे म्हणाल तर आपल्या देशात हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि टेम्प्लेट डीएलटीवर (मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) रजिस्टर करावे लागतात, आणि देवनागरीत एका एसएमएसला ७० अक्षरंच मिळतात, इंग्रजीत १६०. संस्थेचं रजिस्ट्रेशन ओटीपीसाठी आधीच असेल तर त्यातच एक टेम्प्लेट वाढवून घ्या, नाहीतर नादाला लागू नका.

फोनवर त्या ग्रुपला वेगळी रिंगटोन द्या आणि 'डू नॉट डिस्टर्ब' मधनं सूट द्या. हे न केल्यामुळं बाकी सगळा सेटअप बिनचूक असूनही लोक सकाळी उठून मेसेज बघतात. ज्यासाठी उठायचं नाही ते या ग्रुपमधे टाकूच नका, त्याला दुसरा म्यूट ग्रुप. एकदा का लोकांना ग्रुप न बघताच खाली सरकवायची सवय लागली की संपलं.

मेसेजमधे काय पडलं, कुठं, किती वाजल्यापासून, आणि पहिलं काय करायचं, एवढं पाहिजे. "डेटाबेस बंद, टिळकवाडी, रात्री १.४२ पासून, आधी डिस्क बघा" असं. शाखेतल्या माणसाकडून राउटर बंद-चालू करून घ्यायचा असेल तर त्याला वाचता येईल असा मेसेज हवा, अथणीच्या शाखेत रात्रीचा वॉचमन कन्नडच वाचत असेल तर खाली तीच ओळ कन्नडमधे टाका, टेम्प्लेटमधे एकदाच लिहायची आहे. ज्यानं बघितलं त्यानं ग्रुपवर "बघतोय" टाकायचं, पंधरा मिनिटांत कुणीच काही टाकलं नाही तर दुसऱ्याला फोन करायचा. गणपती विसर्जनाच्या रात्री आणि शिवजयंतीच्या चित्ररथाला कोण फोन ऐकणार हे आधीच ठरवून ठेवा, ढोल-ताशात रिंगटोन ऐकू येत नाही.

अपडेट करताना कुमात मेंटेनन्स लावायला विसरू नका. आणि मॉनिटरवरही कुणीतरी नजर ठेवायला पाहिजे : ऑफिसातला रास्पबेरी पाय बाहेरच्या कुमाला बघू दे, कुमा त्या रास्पबेरीला बघू दे, दोघं वेगवेगळ्या लाइनवर.

मुद्दाम पाडून बघा

आठवडी बाजाराचा दिवस टाळून, दुपारी काउंटर बंद झाल्यावर, शाखांना सांगून हे करायचं. 'सिस्टमसीटीएल स्टॉप' नं टेस्ट होत नाही हे वर आलंच आहे, 'सिस्टमसीटीएल किल' ला सिगकिल देऊन अॅप मारा, दहा सेकंदांनी उठलं पाहिजे आणि स्क्रिप्टची पुढची फेरी झाली की वाढलेल्या आकड्याचा मेसेज आला पाहिजे. मग कॉन्फिगमधे डेटाबेसचा पासवर्ड चुकीचा करून उठूच नये असं करा, लिमिट लागून फेल्ड आणि लॉगसकट मेसेज. मग लॅनची केबल काढा. मग यूपीएसचा प्लग काढून बॅटरी संपेपर्यंत खरंच थांबा, आणि शटडाउन सुरू झाल्यावर लगेच प्लग लावून मशीन परत येतं का ते बघा. अडकलेल्या प्रोसेसची टेस्ट बहुतेक कुणी करत नाही, ती सिगस्टॉपनं होते : प्रोसेस गोठते, मरत नाही, सिस्टमडीला हिरवीच दिसते. दीड मिनिटात मोनिटनं तिला पकडलं पाहिजे. गोठलेली प्रोसेस साध्या स्टॉपचा सिग्नल ऐकत नाही असं वाटलं तर घाबरू नका, सिस्टमडी टर्म सिग्नलच्या मागोमाग सिगकॉन्टही (गोठलेल्याला परत चालू करणारा सिग्नल) पाठवतो, त्यानं ती जागी होते, आणि तरीही ऐकलं नाही तर टाइमआउटनंतर, डिफॉल्ट ९० सेकंदांनी, सिगकिल. मोनिटनं पकडलंच नाही तर सिगकॉन्ट देऊन आपणच सोडवा आणि मोनिट कुठला पत्ता तपासतोय ते परत बघा, बहुतेक वेळा तो अॅपच्या ऐवजी एनजिनएक्सलाच विचारत असतो.